राष्ट्रपतींच्या नावाचा बैल

आमच्या डोंगरात दगड फार आणि माती थोडी. दगडांच्या बेचक्यात जिथे ओंजळभर माती साचते तिथे आम्ही कसाव्याचा कंद लावतो, आणि उगवेल त्याला पीक म्हणतो. गुनुंग किदुलच्या या उजाड माथ्यावर टनाला भिडलेला बैल उभा राहिला होता, हे मी मान वर करून सांगतो. खालच्या सपाटीवरचे लोक आम्हांला अजून कसावाखाऊ म्हणतात. त्यांच्या गोठ्यांत तसा बैल झाला नाही.

बैल कांग तुकिरानचा. वयाने तो माझ्याहून थोरला, म्हणून मी त्याला कांग म्हणायचो. अंगाने वाळका, खांदे उतरलेले, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या पायांकडे बघायची सवय. तसा तो भेकड नव्हता. नारळाच्या शेंड्यावर चढायचा, खोल विहिरीत दोराशिवाय उतरायचा. पण इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस गल्लीत दिसला की तो गोठ्यात शिरायचा.

ज्या सकाळी जमीन हलली आणि आम्ही सगळे पोरंबाळं उचलून अंगणात धावलो, त्या सकाळी त्याची गाय व्याली. गाय त्याच आठवड्यात गेली. तुकिरानने वासराला बाटलीने पाजलं, छातीशी धरून निजवलं. भूकंपाला आम्ही लिंदू म्हणतो, तेच नाव वासराला पडलं. तांबूस अंग, पांढरं तोंड, आणि वाढ अशी की दर पावसाळ्यानंतर गोठ्याचं दार मोठं करावं लागे. तुकिरान त्याला नावाने क्वचित हाक मारायचा. "ले..." म्हणायचा, पोटच्या पोराला म्हणतात तसं. त्या एका आवाजावर तो डोंगर हलत यायचा.

ऑगस्टात झेंड्याचा दिवस झाला की तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे पशुवैद्य रेत्नानिंगबाईंनी लिंदूच्या पाठीवरून हात फिरवला, डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि आदराचं 'पाक' लावून म्हणाल्या, "पाक तुकिरान, याला पुढच्या बकरी ईदपर्यंत सांभाळा. दुसऱ्या कुणाला देऊ नका. प्रांतातर्फे मी याचं नाव वर पाठवतेय."

"वर म्हणजे कुठे, बू डोक्तर?"

"राष्ट्रपतींकडे. दर ईदला प्रत्येक प्रांतात त्यांच्या नावाने एक बैल कुर्बान होतो ना, आपल्याकडचा हा."

तुकिरान होता तिथेच खाली बसला. आमचा सामिजो म्हणाला, "उठ की, कांग. बैलाला बोलावलंय, तुला नाही."

सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अटी तुम्हांला ठाऊक आहेत. कान फाटलेला चालत नाही, डोळा गेलेला चालत नाही, आजारी चालत नाही, लंगडा चालत नाही. त्या दिवसापर्यंत याच्या अंगावर काही येऊ देऊ नका."

हे वाक्य तुकिरानच्या आत जाऊन बसलं ते बसलंच.

पहाऱ्याच्या खोपीत आमचा टीव्ही आहे. पूर्वी बातम्या लागल्या की तुकिरान टीव्हीकडे पाठ करून सोंगट्या खेळायचा. आता तो सर्वांत पुढे बसू लागला. राष्ट्रपतींनी कुठे धरणाचं उद्घाटन केलं, कुठे पूर आलेल्या गावात गुडघाभर पाण्यात उभं राहून तांदूळ वाटला, कुठे रोप लावलं, परदेशातल्या कुणाशी हात मिळवला, सगळं तो श्वास रोखून बघायचा. वर्षभर त्या माणसाला किती कामं असतात हे आम्हांला तुकिरानमुळे कळलं. त्या कामांमध्ये एक काम आपल्या गोठ्यात चार पायांवर उभं आहे, हे त्याच्या मनातून हलेना. भाषण करताना राष्ट्रपती खोकले, तर हा घरी जाऊन बैलाची छाती तपासून आला.

"अगं, आज ते रागावलेले दिसले," तो बायकोला सांगायचा.

पोनियेम म्हणायची, "तुमच्यावर?"

"तसं नाही. पण दिसले."

"त्यांना सबंध देश आहे रागवायला. तुमचा नंबर कधी लागायचा?"

तिची जीभ अशी होती. पण मी तिलाही गोठ्याच्या कुडावरून टाचा उंचावून आत डोकावताना पाहिलंय.

पावसाळा सरला तशी खालच्या खोऱ्यातून बातमी वर चढली. बाजारातल्या जनावरांना लाळ-खुरकूत लागली होती. तोंडातून फेस, जिभेला फोड, खुरं सडलेली. बाजार बंद झाला. आमच्या वाडीत कुणाला काही नव्हतं, पण तुकिरानला झोप नव्हती. त्याने गोठ्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. सामिजोच्या गायी तळ्यावर जाताना त्याच्या दारावरून जायच्या, तर हात जोडून म्हणाला, "मागच्या वाटेने ने रे बाबा, पाया पडतो." बैलाचं बाहेर पडणं बंद केलं. दगडाने खूर दुखावेल म्हणून खाली रबरी चटई अंथरली. आणि रोग धुऊन जावा म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याला न्हाऊ घालू लागला.

आमच्याकडे पाऊस संपला की लगेच उन्हाळा लागतो आणि पाणी टँकरने येतं. ज्या घरात भांडी राखेने घासून पुसून ठेवायची, त्या घरातलं पाणी बैलाच्या पाठीवरून वाहू लागलं.

"मला तोंड धुवायला वाटीभर, आणि त्याला हौद," पोनियेम म्हणाली. "पुढच्या जन्मी मीही राष्ट्रपतींच्या नावाची होईन."

"हळू बोल," तुकिरान म्हणाला. "कुणी ऐकलं तर."

वाडीच्या तोंडाशी फलक लागला होता. त्यावर एका बाजूला राष्ट्रपती, दुसऱ्या बाजूला लिंदू, आणि मध्ये आमच्या वाडीचं नाव. आमच्या वाडीचं नाव त्याआधी कुठे छापलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही जाता-येता थांबून वाचायचो. तुकिरान मात्र त्या फलकाखालून मान खाली घालून जायचा.

ईदला महिना राहिला असताना एका दुपारी तो माझ्याकडे आला. नुसतं म्हणाला, "ये." मी गेलो. लिंदूचा मागचा डावा पाय टेकत नव्हता. टेकला की लगेच उचलत होता, विस्तवावर पडल्यासारखा.

"लाळ-खुरकूत," तुकिरान पुटपुटला. बैलाचं तोंड त्याला उघडवेना, ते मीच उघडलं. जीभ स्वच्छ होती. हिरड्या गुलाबी होत्या. मग आम्ही पाय उचलून बघितला. खुराच्या फटीतली कातडी पांढरी, मऊ पडली होती आणि तिला वास येत होता. पाण्यात राबणाऱ्या माणसाच्या बोटांत चिखल्या होतात, तशा.

गोठ्यात पाणी ठिबकत होतं. चटई ओली होती, बैलाचं पोट ओलं होतं. तुकिरानने त्या ओलीकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे बघितलं.

वाडीचे प्रमुख, पाक दुकुह, संध्याकाळी आले. त्यांनी दार लावून घेतलं. "कोरडं गवत गुडघाभर टाक आणि त्यावर उभा कर. बाई तोंड बघतात, डोळे बघतात, दात बघतात. चालायला कोण लावतंय? सपाटीवरचा एक बैल राखीव ठेवलाय, माहीत आहे ना? आपला नाकारला की तो जाईल. मग तो फलक मी कोणत्या तोंडाने उतरवू?"

"आणि कुर्बानी?" तुकिरानने विचारलं.

"कुर्बानीचं काय?"

"लंगड्याची होत नाही ना, पाक. राष्ट्रपती नमाज पढतील, आपलं एक काम झालं म्हणतील आणि घरी जातील. आणि ते झालेलंच नसेल. हे कुणाला माहीत असेल? मला."

"राष्ट्रपतींची काळजी करायला मंत्री आहेत."

"गोठ्यात कुठे आहेत मंत्री?" पोनियेम आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तुकिरान मशिदीत आमचे धर्मगुरू कियाई मुहसान यांच्याकडे गेला आणि तिथून तसाच पशुवैद्यांकडे. कबूल करून आला. बाई रागावल्या नाहीत. येऊन त्यांनी खूर कोरलं, औषध भरलं, चटई बाहेर फेकायला लावली, खाली कोरडा चुना पसरला. "पाण्याचा थेंबही नको. बरा होईल. वेळेत होईल की नाही, ते सांगता येत नाही."

कियाईंनी नियम सांगितला होता तो असा की, लंगडेपण उघड असेल तरच जनावर बाद. कळपाबरोबर चालून कळपाबरोबर पोचलं, तर ते लंगडं नव्हे. तेव्हा ईदच्या आधीच्या आठवड्यात सामिजोच्या गायींबरोबर त्याला मशिदीपासून तळ्यापर्यंत चालवायचं ठरलं.

"आणि मागे पडला तर?" तुकिरानने विचारलं.

"तर राखीव बैल जाईल," बाई म्हणाल्या. "हा तुमच्याकडेच राहील."

ते शेवटचे तीन शब्द त्याने ऐकले तेव्हा मी शेजारी होतो. वर्षभर त्याला एकच भीती होती, बैल बाद होईल याची. त्या क्षणी तिच्या पाठीमागून दुसरी भीती बाहेर आली आणि दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

चालवण्याच्या दिवशी सगळी वाडी वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी. सपाटीवरचेही काही आले होते, हातात मोबाइल धरून. बाईंनी तुकिरानला तळ्याच्या काठावर उभं राहायला सांगितलं. "दोरी सोडा. त्याचा तो चालू दे."

सामिजोने गायी हाकल्या. लिंदू त्यांच्यामागून निघाला. उतारावर ठीक चालला. मग दगडी टप्पा आला आणि त्याची चाल मंदावली. गायी पुढे गेल्या. त्यांच्यात आणि त्याच्यात अंतर पडलं आणि वाढत गेलं. सपाटीवरच्या एकाने म्हटलं, "कसावा खाऊन थकला." कुणीतरी हसलं, कुणीतरी हसणाऱ्याला ढकललं, आरडाओरडा झाला. बैल टप्प्याच्या मधोमध थांबला.

मी तळ्याकडे तुकिरानजवळ होतो. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. एक हाक दिली की तो येईल. हाक दिली नाही की तो घरी राहील. कुणी त्याला हाक मारू नको म्हटलं नव्हतं आणि मार असंही म्हटलं नव्हतं.

लिंदूने मान वर केली. इतकी माणसं, इतका आवाज. महिनोन्महिने तो गोठ्याबाहेर पडला नव्हता. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं. अंग थरथरलं, पोटाखालची कातडी हलली. तो या बाजूला बघे, त्या बाजूला बघे. शोधत होता.

"घाबरला," तुकिरान म्हणाला. हात तोंडावरून कधी खाली आले ते त्यालाही कळलं नसेल. "ले..." तो म्हणाला. मोठ्याने नाही. अंधाराला भिऊन रडणाऱ्या लेकराशी बोलावं तसं.

आणि टनाभराचा तो बैल दगड तुडवत निघाला. खाली मान न घालता, इकडेतिकडे न बघता, गायींना मागे टाकून तळ्यापर्यंत आला आणि त्याने आपलं पांढरं तोंड तुकिरानच्या छातीवर ठेवलं. पाक दुकुह सर्वांत आधी ओरडले, मग सगळी वाडी. बाईंनी मान हलवली आणि कागदावर सही केली. त्या गलक्यात तुकिरान बैलाच्या कानामागे खाजवत उभा होता.

ईदच्या सकाळी त्याने दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. मशिदीच्या अंगणात जे व्हायचं ते झालं. वाटा घरोघर गेला, गरिबांच्या घरी आधी. आमच्या वाडीत त्या दिवशी एकही चूल थंड नव्हती, फक्त पोनियेमच्या चुलीवर मांस नव्हतं, नुसता कसाव्याचा भात होता.

पुन्हा ऑगस्ट आला. खोपीत टीव्हीवर राष्ट्रपती झेंड्याला सलाम करत होते. सामिजो म्हणाला, "कांग, यांना आपल्या लिंदूचं नाव तरी माहीत असेल का?"

"नसेल," तुकिरान म्हणाला. "त्यांना वर्षभर काय कमी कामं असतात?"

पण त्याच संध्याकाळी तो कियाईंकडे गेला. मीही बरोबर होतो. ओसरीवर बराच वेळ तो कियाईंच्या पायांकडे बघत बसला.

"कियाई, तो बरा झाला होता की नव्हता?"

"बाईंनी तपासला होता ना."

"हो. पण मी हाक दिली. पाय दुखत असता तरी तो आला असता. लंगडत नव्हता, की माझ्यासाठी लंगडला नाही? दुखत असेल तर त्यांची कुर्बानी झालीच नाही. मग माझं जनावर उगीच गेलं."

कियाईंनी चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला. "पोरा, तो चालला. आम्ही डोळ्यांनी बघितलं. आत काय होतं, ते बघणारा वेगळा आहे."

"त्याचीच भीती वाटते," तुकिरान म्हणाला.

त्याने चहा संपवला, पेला उपडा घातला आणि आम्ही घराकडे निघालो. वाटेत लिंदू थांबला होता तो दगडी टप्पा लागला. तिथे तो माझ्या पुढे झाला आणि पाय जपून टाकत उतरू लागला.