राखेत घोळवलेली पिल्लं

गुंद गावात कुणाची कोंबडी खुडूक झाली की आधी काशीला बोलावणं जायचं. अंडी किती ठेवायची, पाटीत कोंडा किती घालायचा, सगळं तिला पाठ. आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून पाटीत कोळशाचा तुकडा ठेवायचा, हे तर ती लहानथोरांना दटावून सांगायची. आणि यंदा स्वतःच्या कवडी कोंबडीला अंड्यांवर बसवताना ती नेमका कोळसाच विसरली. त्याच आठवड्यात वळवाचा असा गडगडाट झाला की फळीवरची भांडी वाजली. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, एकाही अंड्याला तडा जाईना. कोळशाचा विषय काशीने कुणाजवळ काढला नाही. एवढ्या वर्षांचा मान एका कोळशापायी कोण घालवील?

चोविसाव्या दिवशी सून सुमंगला रामनगरच्या बाजारातून खोकं घेऊन आली. आत मशीनमध्ये उबवलेली दहा पिल्लं, आणि तीही रंगवलेली. पाच गुलाबी, पाच हिरवी.

"आत्ती, कवडी घेईल न्हवं ह्यास्नी?"

"ही पिल्लं हाईत व्हय? मला जत्रेतली मिठाई वाटली," काशी म्हणाली.

सुमंगलाचा चेहरा उतरला. स्वतःच्या मनाने तिने आणलेली ही पहिलीच जित्राबं. बल्बखाली ठेवावीत तर दुपारपासून वीज नव्हती. पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती. कवडीने पोटाखाली घेतलं नाही तर सकाळपर्यंत त्यातलं एकही उरणार नव्हतं. आणि कवडीचा स्वभाव गावाला माहीत होता. परकं पिल्लू दिसलं की ती थेट डोक्यावर चोच मारायची.

काशी दिवेलागणीपर्यंत थांबली, कारण अंधारलं की कोंबडीला नीट दिसत नाही. मग तिने चुलीतली गार राख परातीत घेतली आणि एकेक पिल्लू तीत हलकेच घोळवलं. गुलाबी गेलं, हिरवं गेलं.

"दहा बैरागी तयार झाले," तिचा मुलगा गणपती दारातून म्हणाला.

"तू गप ऱ्हा. कवडी ऐकती."

काशीने पाटीत हात घातला. एक अंडं बाहेर, एक पिल्लू आत. कवडीने तिच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. काशीने हात काढला नाही. पोटाखालून पिल्लाने बारीक चिवचिव केली. सुमंगलाने डोळे मिटून घेतले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कवडी घशातल्या घशात कुरकुरली आणि तिने पंख जरा उचलला. उरलेली नऊ कधी आत गेली ते कळलंही नाही. काशीला इतका आनंद झाला की मनगट पुसायचंसुद्धा राहून गेलं.

सकाळी कवडी दहाही पिल्लांना घेऊन अंगणात उतरली. गणपतीने रानातून वाळवीचं ढेकूळ आणून तिच्यापुढे फोडलं. खाण्याच्या झोंबाझोंबीत राख झडली आणि खालचा गुलाबी-हिरवा रंग उघडा पडला. सुमंगला घाबरून पुढे धावली. कवडीने मान वाकडी करून एका डोळ्याने पिल्लांकडे बघितलं आणि पुन्हा वाळवी टिपायला त्यांना हाका मारू लागली.

"फसली बघा, आत्ती. तिला कळलंच न्हाई."

"कळलं की. कळूनच घेतलं," काशी म्हणाली. "मी ह्या घरात दुसरेपणावर आले, त्या दिवशी सासूनं दिवेलागणीला झोपलेलं पोर माझ्या मांडीवर आणून ठेवलं. दीड वर्साचा हुता ह्यो."

गणपती आता पंचेचाळिशीचा, मिशा पिकायला लागलेल्या. ढेकळाचा उरलेला तुकडा फोडत तो म्हणाला, "आये, मला बी राख लावली हुती का?"

"लावायची कशाला? तू मातीनं माखलेलाच हुतास. दुसऱ्या दिशी मीच तुला न्हाऊ घातला, आनि मग नीट बघितला."