थांबणारं इंजिन

बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रोज दुपारी लूमवर कापड विणणारे एक पन्नाशीचे कारागीर यायचे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून ते एकट्यानंच एक गेम बनवत होते. चूक होऊन गेम अडला, चूक सांगणारी लाल अक्षरं आली, की बाकीचे वैतागायचे. हे मात्र स्क्रीनला हळूच म्हणायचे, "बरं केलंस, सांगितलंस."

रोज त्यातच वेळ जायचा, आणि त्यांच्या या शांतपणाचाच मला राग यायचा. शेवटी चूक झाली तरी न थांबता गेम चालूच ठेवणारं दुसरं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, मी त्यांना दाखवलं.

"हे नको, सर. धागा तुटला की लूम बंद पडायला पाहिजे. चालूच राहिला तर पूरा कपडा खराब होतो."

"अहो, पण हे सोपं आहे."

ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "माझी बायको घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. पोटात दुखायचं, पण कधी बोलली नाही. काम करतच राहिली. आम्हाला वाटलं, सब ठीक आहे. दवाखान्यात नेलं, तेव्हा आठच दिवस राहिले होते."

मी ते इंजिन काढून टाकलं.

त्यांनी आपला गेम उघडला. तो लगेच अडला. या वेळी ते काही बोलले नाहीत. लाल ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचत राहिले. जणू समोर कुणी बोलतंय आणि त्याला मध्येच तोडायचं नाही, असे.