धुराला वाट करून देणाऱ्या वहिनी

अण्णांचं पत्र त्रिचीच्या कचेरीत पोचलं तेव्हा मी हातातलं टिपण पुरं करत होतो. चारच ओळी होत्या. "यमुना परवां सकाळीं गेली. ताप होता. तुला बोलवायला वेळ झाला नाहीं. ये." मी टिपण पुरं केलं, खाली सही केली आणि मग मात्र मला उठवेना... अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, या बायकोला मी आयुष्यभर वहिनी म्हटलं, आणि एका बाबतीत त्यांना यथेच्छ हसलो.

आमचं घर कुंभकोणमला, मेलकावेरीत. पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात चिटणिशी करत. राज्य गेलं, चिटणिशी गेली, सोवळं तेवढं राहिलं आणि ते सगळं स्वयंपाकघरात येऊन बसलं. तिथे आईची सत्ता होती. वहिनींनी पाणी भरायचं, वाटण वाटायचं. पळीला हात लावायचा नाही. गवंड्याने आत पाऊल टाकायचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे त्या खोलीची डागडुजी कित्येक वर्षं झालीच नव्हती, आणि धुराला बाहेर पडायला वाट म्हणून नव्हती. आमच्याकडचा पाऊस आश्विन-कार्तिकातला. त्या दिवसांत ओली लाकडं धुमसायची आणि आई खोकून खोकून निळी पडायची. एका वर्षी वैद्यांनी स्पष्ट सांगितलं, "असा आणखी एक पाऊस यांना झेपणार नाही." आई चूल सोडायला तयार नव्हती. अण्णा सवयीप्रमाणे "बघूं या" म्हणाले.

त्याच महिन्यात आम्ही इन्नंबूरला एका मुंजीला गेलो होतो. पंगत बसली तरी वहिनींचा पत्ता नाही. शोधायला गेलो, तर त्या भात उकडायच्या शेडसमोर उकिडव्या बसून छपराकडे बघत होत्या. आढ्यावर हातभर उंचीचं दुसरं चिमुकलं छप्पर होतं आणि मधल्या फटीतून धूर मुकाट्याने बाहेर पडत होता. "भाऊजी, हें आपल्याला येईल," त्या म्हणाल्या. मी बी.ए. झालेला माणूस, पोट धरून हसलो.

घरी आल्यावर त्यांनी गोठ्याची उरलेली कौलं धुतली, मांडवाचे जुने बांबू चिरले, काथ्या भिजत घातला. विकत असं काही आणलंच नाही. मग ओलेत्याने, कासोटा घट्ट खोचून, चुलीवरचं आढं उघडून तसंच छप्पर बसवायला शिडीवर चढल्या. शिडी धरायला सोवळ्यातला माणूस हवा म्हणून मी. गल्लीतल्या बायका परसाच्या भिंतीशी जमल्या, आणि मी लाजेने मान वर केली नाही.

पहिला प्रयत्न साफ फसला. नदीकडून वारा आला आणि सगळा धूर उलटा घरात. आई अंगणात येऊन कोसळलीच. श्वास सापडल्याबरोबर ओरडली, "यमुने, माझ्या चुलीवर आकाश कां उघडलेंस? कावळे आंत बघतात!" त्या दिवशी आई जेवली नाही. वहिनींना रडताना मी तेव्हाच पाहिलं, एकदाच. मीही म्हटलं, "पुरे आता." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुरे कसें? पाऊस थांबणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिरुनागेश्वरमच्या देवळात काम करणाऱ्या मारिमुत्तू मेस्त्रीला बोलावलं. आत नव्हे, परसात. तो विहिरीपाशी उभा राहून तमिळमध्ये सांगायचा, वहिनी छपराखालून ओरडून विचारायच्या. नदीकडची बाजू बांबूचा तट्ट्या लावून बंद करा, वर चुना थापा, असं तो म्हणाला. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालायला सांगताच वहिनी शिडीवरून पडायच्याच राहिल्या! शेवटी हिरड्याचं पाणी आणि गूळ यांवर तडजोड झाली. आठ दिवस त्या रोज दुपारी चढल्या. चुन्याने बोटं सोलवटली होती.

आईने चूल पेटवली. धूर उठला, जरा घुटमळला आणि वर निघून गेला. आई बराच वेळ वर बघत राहिली. "कौल वांकडें बसलेंय," एवढंच म्हणाली. त्या पावसात ती खोकली, पण निळी पडली नाही. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली, आणि अकरा वर्षं तिने वहिनींना पळी दिली नाही.

एकदा मी विचारलंच, "वहिनी, आई आहे तोवर चूल तुमच्या हाती येणार नाही, हे ठाऊक होतं ना?"

"ठाऊक नसायला मी खुळी का? म्हणून माणूस धुरांत मरूं द्यावें?"

परवा वहिनींच्या मासिक श्राद्धाला घरी गेलो. चुलीपाशी वहिनींची सून अंबू होती. मी म्हटलं, "आईनंतर दोन वर्षं तरी वहिनींना चूल मिळाली, तेवढंच समाधान." अंबूने चमकून पाहिलं. "कोठें मिळाली, काका? आजी गेल्या त्याच महिन्यांत मी नांदायला आलें. आल्या दिवशींच त्यांनीं पळी माझ्या हातीं दिली. आपण विळीवर बसल्या. शेवटपर्यंत."

विळी भिंतीशी होती, शेजारी कच्च्या केळ्यांचा घड पडला होता, आणि चिरायला कोणी नव्हतं. मी विहिरीवर जाऊन आंघोळ केली, ओलं धोतर नेसून आत आलो आणि विळी पुढे ओढली. पहिलं केळं फारच जाड चिरलं गेलं. अंबू म्हणाली, "चालेल, काका," आणि तिने दुसरं पुढे केलं.