टायरच्या बाणावर कुंकू

मंडळी, आजचं आजच लिहितोय.

वडिलांच्या साठच्या दशकातल्या जीपला आज शहाद्यात नवी अलॉय व्हील टायरसकट बसवली. या टायरची फिरायची दिशा ठरलेली असते, तसा त्यावर बाण असतो; उलटं बसलं तर ओल्यात पकड सुटते. पण ही नवी चाकं दुकानात नेण्याआधी आईने घरीच पूजा करून चारही टायरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नेमकं बाणावर!

परत येताना ब्राह्मणपुरीजवळ रस्ता ओला होता. समोर उसाची ट्रॉली थांबली. मी ब्रेक दाबला, तर जीप सरकतच गेली. ट्रॉली हातभर उरली तेव्हा कुठे थांबली.

शेजारी बसलेले वडील खाली उतरले, टायरची नक्षी पाहून एवढंच म्हणाले, "चाकं उलटी शेतस."

खरंच, डावी चाकं उजवीकडे होती, उजवी डावीकडे. फिटरला फोन करून भडकलो. तो म्हणाला, "भाऊ, पूजानं कुंकू शे. मी कसं पुसू?"

मी फोन ठेवला. मीही तिथेच उभा होतो, मीही पुसलं नव्हतं.

हळूहळू घरी आलो. आईने सगळं ऐकलं, वडिलांकडे एकदा पाहिलं आणि पदराने टायरवरचं कुंकू खसाखसा पुसलं.

"बाण दिसू दे. मन्हा माणसे घर येवाले पाहिजेत."

तुम्ही पुसलं असतं?