स्वस्तातला राउटर

उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडून निवृत्त झालेल्या बाईंना परगावच्या मुलाने फोनवर अक्कल शिकवली. "आई, तुझा राउटर भंगारात टाक. बोलताना सारखं अडकतं. चांगला महागातला घे."

बाई दुकानात गेल्या. दुकानदाराने सहा अँटेनांचं धूड पुढे ठेवलं. बाईंचा पारा चढला. "माझं फायबर कनेक्शन जुनं, प्लॅन सगळ्यात छोटा, घर दोन खोल्यांचं. मला काय विमानं उतरवायचीत? जुन्या लाइनीला चालेल असा साधा दाखवा."

साधा घेऊन त्या घरी आल्या आणि त्यांनी तो स्वतःच जोडला. शेजारणीने त्यावर अख्खा सिनेमा पाहिला. चित्र एकदाही थांबलं नाही.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बाई खुशीत म्हणाल्या, "बघ, कसं लख्ख दिसतंय! आता सांग, घरी कधी येतोस?"

मुलगा एकदम थिजला. तोंड अर्धवट उघडं, पापणीसुद्धा हलेना. अडकलं वाटतं, म्हणून बाई राउटर बघायला उठणार, तेवढ्यात त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली. छताचा पंखा गरगर फिरत होता.

"मेल्या, नाटकं कुणापुढे करतोस?" हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"तुझंच खरं रे," त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या. "राउटर स्वस्तातला निघाला."

आणि त्याला फार वेळ तसं बसावं लागू नये, म्हणून कॉल त्यांनीच बंद केला.