डार्लाच्या गाडीतली पुढची सीट

डार्ला कोपेकी आमच्याकडे पहिल्यांदा उतरली तेव्हा मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या बेलफोर्डला तेव्हा दर जूनमध्ये बायकांची एक व्यावसायिक स्पर्धा भरायची. मोठ्या स्पर्धांत जागा न मिळालेल्या मुलींची ती स्पर्धा. खेळाडूंना गावातल्या घरांतून उतरवायची पद्धत होती, आणि कॉलेजच्या रजिस्ट्रार कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या आयरीनने माझं नाव परस्पर यादीत घालून टाकलं. "तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, मँडी. आता तोंड वाकडं करू नकोस." माझं नाव मंदाकिनी. नेब्रास्कात आल्यावर आठवड्याभरात त्याचं मँडी झालं. मीही वाद घातला नाही, कारण आयरीनशी वाद घालून कोणी जिंकलेलं मला माहीत नाही.

दारात उभी राहिली ती सहा फुटी, ठिपक्याठिपक्यांच्या नाकाची पोरगी. उजवा हात विटेसारखा भाजलेला, डावा पांढराफटक. आमच्या ह्यांना वाटलं, काहीतरी त्वचेचं दुखणं आहे. जेवताना त्यांनी हळूच एका मलमाचं नाव सांगितलं. डार्ला हसून हसून टेबलावरच पडली. "हातमोजा घालते हो मी त्या हातात! अख्खा उन्हाळा!" त्या हसण्यावरच मी तिला ठेवून घेतली. पुढची सहा वर्षं ती आमच्याकडेच उतरत होती.

ती डुकरं पाळणाऱ्या चेक शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्या गावचं मैदान म्हणजे चराऊ कुरण, आणि चेंडू जिथे खळग्यात घालायचा तिथे हिरवळ नाही, तेल शिंपडलेली वाळू. आपल्या वाटेची वाळू आपणच ओढून सपाट करायची आणि मग खेळायचं. तिथून निघून ती अकरा वर्षं व्यावसायिक खेळली. एकही स्पर्धा जिंकली नाही. एकदा दुसरी आली, तेही वादळामुळे खेळ निम्म्यात थांबवला म्हणून. हे ती स्वतःच सांगायची, आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसायची.

त्या स्पर्धा चार दिवसांच्या. दोन दिवस झाले की खालच्या अर्ध्या मुलींना घरी पाठवतात. आमच्याकडच्या सहा वर्षांपैकी पाच वर्षं डार्ला मला शुक्रवारी दुपारी बॅग भरताना दिसली. मी बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून तिच्या हातात द्यायची आणि ती आपल्या तपकिरी मोटारीतून पुढच्या गावाला निघायची. सहाव्या वर्षी ती चक्क टिकली! मी मात्र तिच्या अंगवळणी पडलेल्या शुक्रवारावर विसंबून चादरी धुवायला टाकल्या होत्या आणि खोली ह्यांच्या एका विद्यार्थ्याला देऊन बसले होते. बिचारी दोन रात्री सोफ्यावर झोपली आणि एकतिसावी आली. आम्ही दुधाच्या पावडरीचे पेढे करून गल्लीत वाटले.

एका शुक्रवारी बॅग भरता भरता ती म्हणाली होती, "हरण्याचं मला काही वाटत नाही गं मँडी. पण सहा तास गाडी चालवायची आणि शेजारी कोणी नाही. सातव्या होलवर काय घोटाळा झाला ते सांगायचं कोणाला?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून निघालंय.

तेहतिसाव्या वर्षी तिने खेळणं सोडलं आणि आमच्याच कॉलेजने तिला मुलींची कोच म्हणून घेतलं. कोच म्हणजे शिट्टी अडकवून हुकूम सोडणारी बाई असं मला वाटायचं. डार्ला बारा जणांची गाडी स्वतः चालवायची, मुलींचे शर्ट धुवायची, केळी सोलून द्यायची आणि मोटेलच्या जिन्यात बसून त्यांच्याकडून रसायनशास्त्र घोकून घ्यायची, स्वतःला त्यातलं अक्षर कळत नसताना. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने मलाही त्या गाडीत ओढलं. आकडे टिपून ठेवणं हे माझं काम, ड्रायव्हरच्या मागची सीट माझी, आणि मुलींची मी 'मिसेस के'.

गोल्फची एक फेरी म्हणजे अठरा होल, आणि फटके जितके कमी तितकं बरं. कॉलेजच्या सामन्यांत एका संघाच्या पाच जणी खेळतात आणि चौघींचेच फटके धरतात. जिला सगळ्यांत जास्त लागले तिचा आकडा सोडून देतात. निकालाच्या फळ्यावर तो असतो, पण त्यावर काट मारलेली असते. दिवसभर वाऱ्याशी झुंजायचं आणि संध्याकाळी जगासमोर आपल्यावर काट! डार्लाने पहिल्याच वर्षी गाडीपुरता कायदा केला. जिच्या आकड्यावर काट, तिने परतताना पुढे कोचशेजारी बसायचं. आणि त्या दिवशी सगळ्यांनी कुठे जेवायचं ते तिने ठरवायचं. त्यावर अपील नाही.

नव्या मुलींना आधी ती शिक्षा वाटायची. चार सामने झाले की कळायचं, पुढच्या सीटवर रडायची मुभा आहे आणि मागे फक्त कोंदट मोज्यांचा वास आहे.

सव्वीस वर्षं हा कायदा चालला. आता डार्लाच्या शेवटच्या हंगामाचं सांगते, म्हणजे टेस ओल्टमनचं.

टेस वाळूच्या टेकड्यांमधल्या गुरांच्या वाडीवरची. कामाला वाघ, पण सामन्यात सरावातलं सगळं विसरायची. चार वर्षांत, शेवटच्या स्पर्धेआधी, ती संघाकडून सत्तावीस फेऱ्या खेळली आणि सत्तावीस वेळा तिच्यावर काट बसली. माझ्याच वहीत आहे, म्हणून खात्रीने सांगते. पुढच्या सीटच्या खणात तिची छोटी उशी आणि काळा चष्मा कायमचे राहायला आले होते. सीटचा अडकणारा खटका फक्त तिलाच जमत होता. मागून मुली ओरडायच्या, "टेस, तुझी पत्रं याच पत्त्यावर येतात का गं?" तीही हसून म्हणायची, "येतात की! तुमची तक्रारपत्रं."

पहिल्या वर्षी तिची आई दर सामन्यानंतर फोनवर विचारायची, "आज तुझा धरला का गं?" मला मागे ऐकू यायचं. दुसऱ्या वर्षापासून त्या शहाण्या बाईने प्रश्न बदलला. फोन आला की ती एवढंच विचारायची, "मग, आज कुठे जेवायला नेतेयस सगळ्यांना?" टेस तेही हसून सांगायची. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघायची.

"मँडी," डार्ला मला म्हणाली, "या पोरीचा एक आकडा, फक्त एक, मला काट न मारलेला बघायचाय. मग मी सुखाने घरी बसेन."

शेवटची स्पर्धा मिझुरीत होती, दोन दिवसांची, नऊ कॉलेजांची. पहिल्या तीन संघांना मानाची पाटी मिळते. आम्हाला ती कधी मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे टेसवर काट बसली आणि जेवणाची जागा तिने ठरवली. बाईसाहेबांनी कोळंबी निवडली.

"टेस," डार्ला म्हणाली, "समुद्र इथून हजार मैलांवर आहे."

"बाहेर पाटीवर 'ताजी' लिहिलंय, कोच."

कायदा म्हणजे कायदा. मी निमूट उकडलेला मका खाल्ला. आमची सगळ्यांत चांगली खेळाडू जोसलिन, जी चार वर्षांत एकदाही पुढच्या सीटवर बसली नव्हती, तिने मात्र दोन प्लेटी हाणल्या.

सकाळी न्याहारीला जोसलिन आली ती चुना फासल्यासारखी. डार्लाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू आज खेळणार नाहीस."

पाचातून एक गेली की चार उरतात, आणि चौघींचे आकडे धरतात, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळावं. सगळ्या टेसकडे बघायला लागल्या. टेस कानापर्यंत लाल झाली. "नाही कोच, असं नको. म्हणजे मी हिला कोळंबी चारली आणि माझा आकडा धरवून घेतला? आईला काय तोंड दाखवू मी?"

"ए, मी मेले नाहीये अजून," जोसलिन कण्हत म्हणाली. "आधी ते ऑम्लेट माझ्यासमोरून उचला."

डार्लाने तिला खारी बिस्किटं आणि आल्याचा सोडा दिला. "सहा होल बघू. मला तोंडावर रंग दिसला नाही तर तुला खांद्यावर टाकून आणीन." सहाव्या होलवर जोसलिन केळं मागत होती आणि तिसऱ्यांदा तोच पाचकळ विनोद सांगत होती. डार्लाने तिला खेळू दिलं.

वारा असा होता की टोप्या धरून चालावं. टेस आमच्यातून पहिली निघाली होती. डार्लाची रीत अशी, की चालता चालता मुलीशी गोल्फचं बोलायचं नाही, जेवणाचं बोलायचं. शेवटच्या होलकडे जाताना तिने टेसला विचारलं, "मग? आज काय खायचं ठरवलंयस?"

टेस थांबली. "आज नाही सांगणार, कोच."

चार वर्षांत पहिल्यांदाच ती असं म्हणाली होती. डार्लाने मान फिरवली आणि नाक पुसलं. वाऱ्याने नाक गळतंय म्हणाली.

एकोणऐंशी! टेसला एकोणऐंशी फटके लागले. एरवी पोरगी पंचाऐंशीच्या खाली आलेली मी पाहिली नव्हती. मागून आलेल्या तिघी शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. जोसलिन तेवढी मैदानावर होती. शेवटचा होल उरला होता आणि तिचे बहात्तर झाले होते. तिने नेहमीसारखे चार मारले की टेसवर पुन्हा काट. पण जोसलिनने चार मारले की आमचं कॉलेज दुसरंही येत होतं.

बाकीच्या फळ्यापाशी थांबल्या. टेस पळत शेवटच्या हिरवळीकडे सुटली आणि मी धापा टाकत तिच्यामागे. ती तळ्याच्या काठावर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली, "चल जोसलिन! मार!"

"अगं पण," मी म्हटलं, "तुला नक्की हवंय काय?"

"मला दोन्ही हवंय, मिसेस के," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण हिला चार मिळू देत."

जोसलिनचा दुसरा फटका उडाला, वाऱ्यात वळला आणि डुबुक्. टेस "नाही!" म्हणून किंचाळली, मनापासून. मला मात्र आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पुढचा चेंडूही पाण्यात गेला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. जोसलिनने त्या एका होलला नऊ फटके घेतले. एक्याऐंशी.

फळ्यापाशी एक म्हातारे गृहस्थ लाल पेन घेऊन उभे होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एक्याऐंशीवर काट मारली. वरचा एकोणऐंशी तसाच राहिला, स्वच्छ. आम्ही तिसरे आलो होतो, एका फटक्याने. तिथे एक्याऐंशी धरावे लागले असते तर चौथे असतो. डार्लाने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की तळ्यातली बदकं उडाली. मग ती टेसला मिठी मारून हमसाहमशी रडली. सहा फुटी बाई, वाकून रडावं लागत होतं.

टेस मात्र जोसलिनला शोधत होती. "त्या कोळंबीमुळे झालं. माझीच चूक."

"ते दोन चेंडू पाण्यात मी घातले," जोसलिन म्हणाली. "कोळंबीने नाही. माझं पोट सहाव्या होललाच बरं झालं होतं. तू मला हरवलंस, टेस. सरळ. आता गप बस आणि ती पाटी धर."

आणि मग गाडीपाशी सगळा घोळ झाला. जोसलिन पुढच्या दाराशी पाहुण्यासारखी उभी. टेसने खणातून आपली उशी आणि चष्मा काढून घेतला. "हे बघ," ती हलक्या आवाजात सांगत होती, "खटका आधी वर उचल, मग मागे ओढ. पहिले दहा मैल कोच काही बोलणार नाहीत. मग विचारतील काय झालं. सगळं सांग, काही गाळू नकोस. रडू आलं तर येऊ दे, रुमाल वरच्या फळीत आहेत." जोसलिनने मान डोलावली आणि चढली.

टेस मागे माझ्या शेजारी आली आणि सीटच्या पट्ट्याशी झटापट करायला लागली. चार वर्षांत परतीच्या वाटेवर ती कधी मागे बसलीच नव्हती. तिने माझा पट्टा आपल्या कुलपात अडकवला. आम्ही दोघी एकमेकींना बांधल्या गेलो आणि गाडीभर हशा पिकला. सोडवासोडव चालली होती तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मग," आईचा आवाज आला, नेहमीचा, सांभाळून टाकलेला, "आज कुठे जेवायला नेतेयस सगळ्यांना?"

टेसने समोर पाहिलं. पुढच्या सीटवरून जोसलिन मान वळवून डार्लाला काहीतरी विचारत होती, राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा गोड रोल मिळेल अशी जागा वाटेत आहे का असं.

"माहीत नाही, आई," टेस म्हणाली. "आज जोसलिन ठरवणार आहे."

मग आईने फोन तोंडापासून दूर धरून अंगणात टेसच्या वडिलांना हाक मारली, आणि ती आमच्या अख्ख्या गाडीला ऐकू गेली, "वेंडल! ट्रॅक्टर बंद कर! ट्रॅक्टर बंद कर आणि इकडे ये!"