आठ, चौदा आणि चांगदेवाचे पान

पिंपळवंडीचे चिमाजी आणि मढचे कुशाबा हे दोन वृद्ध दर रविवारी जुन्नरच्या बाजारात भेटत आणि एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फोडीत. वाद बांधाचा नव्हता, मानपानाचा नव्हता. स्पिटफायर या लढाऊ विमानाचा आठवा प्रकार श्रेष्ठ की चौदावा, एवढाच तो होता. दुसऱ्या महायुद्धात दोघेही हवाई दलात फिटर होते. चिमाजींनी आपल्या धाकट्या भावाला, चांगदेवाला, हट्टाने त्याच तुकडीत भरती करविले होते. युद्ध संपले, चौदा नंबरची पहिली विमाने छावणीत उतरली, आणि ती डोळे भरून पाहिली न पाहिली तोच चिमाजींची सेवा संपून ते गावी परतले. चांगदेव मात्र कुशाबांबरोबर मागे राहिला. पुढल्याच पौषात तो गेल्याची तार आली. तापाने गेला, हे त्याची ट्रंक घेऊन घरी आलेल्या कुशाबांनी सांगितले.

बाजारातल्या चहावाल्याला दोन्ही विमाने तोंडपाठ झाली होती.

"आठ नंबर वळताना सांगावं लागत न्हाई, राव," कुशाबा म्हणत. "आमच्या खाचरातल्या बैलावानी. कासरा हलला की त्याला कळतंय."

"मग खाचरातच जुंप त्याला. चौदाचं इंजिन लई दांडगं. चढाय लागलं की तुझं आठ नंबर खाली बारीक दिसतंय."

"आन जमिनीवर?"

"जमिनीवर काय वरात काढायची व्हती?"

येथे कुशाबा गप्प होत, आणि चिमाजी ते मौन आपल्या विजयात जमा करीत.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. पेठच्या एका तरुण मंडळाने दोघांना दसऱ्याला युद्धाच्या आठवणी सांगायला व्यासपीठावर बोलावले होते. पितृपक्ष चालू होता. पंचमी उलटली होती, चतुर्दशी यायची होती. त्या रविवारी चिमाजी विशेष उल्हासात होते.

"मी सरळ सांगणार, चौदानं आपल्या माणसाला कवा इजा केली न्हाई. तू नुसती मान हलव. चांगदेव असता तर त्यानंबी माझीच बाजू घेतली असती."

कुशाबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मी येत न्हाई पेठला."

"का? हरायचं भ्या वाटतंय?"

"चिमाजी, चांगदेव तापानं न्हाई गेला."

मग त्यांनी खाली मान घालून सांगितले. आठ नंबरचे विमान धावपट्टीवर वेग घेताना डावीकडे ओढ खाई. म्हणून विमान सरळ ठेवायला वैमानिकाचा उजवा पाय पायपट्टीवर आपोआप दाबला जाई. चौदाचे इंजिन उलट फिरे. त्याची ओढ उजवीकडे. त्या सकाळी एका नव्या वैमानिकाचा पाय जुन्या सवयीने उजवाच पडला. विमान उजवीकडे भरकटले, आणि तिकडे चांगदेव पेट्रोलच्या गाडीपाशी उभा होता.

चिमाजींनी आपली चहाची बशी बाजूला सारली.

"माझ्या आयला खोटं सांगितलंस?"

"उंबऱ्यातच इचारलं तिनं. 'लेकराला लागलं तर नव्हतं ना रं?' मी म्हनलो, न्हाई आये, ताप व्हता. मग ते फिरवायचं कसं?"

चिमाजींनी विचारले, "तिथी तरी खरी व्हती का?"

"पंचमीच व्हती. ते खोटं कसं बोलू?"

पण प्रश्न तिथीने सुटणारा नव्हता. शस्त्राने वा अपघाताने गेलेल्याचे पितृपक्षातले श्राद्ध मृत्युतिथीला नव्हे, चतुर्दशीला करावे, असे शास्त्र आहे. आणि शास्त्र न वाचलेल्या गावांनाही ते ठाऊक आहे. चिमाजींच्या घरी मात्र पंचमीलाच पान वाढले जात होते. ज्या भावाला आपणच भरती करविले, तो आयुष्यभर आपल्या दारावरून उपाशी परतला, हा विचार त्या वृद्धाच्या मनात शिरला.

"मग माझं पान खाल्लं कुणी, कुशाबा? आन त्यानं काय खाल्लं?"

"त्यो उपाशी न्हाई," कुशाबा हळू म्हणाले. "चौदशीला मी वाढतो, मढला. पयल्या सालापासनं. खाडा न्हाई."

हा दुसरा आघात पहिल्याहून सौम्य नव्हता. कृतज्ञता आणि क्रोध एकाच क्षणी एका माणसाला कसे पेलावेत, हे धर्मग्रंथांनी कोठे सांगितलेले नाही. चिमाजी उठले, दोन पावले गेले, पुन्हा येऊन बाकावर बसले.

"कुणाचं नाव सांगून वाढतोस?"

"त्याचंच. घरच्यांना म्हनलोय, दोस्त हाय."

"काय करता?"

"खीर. वडं. भाजी, कारल्याची."

"कारलं?" चिमाजी म्हणाले. "त्याला कारलं चालत नव्हतं रे."

"ठाव हाय. मेसमधी माझ्याच ताटात सारायचा. पर कारल्याबिगर पान पुरं व्हत न्हाई म्हनत्यात. म्हनून इवलंसंच वाढतो."

चिमाजींनी उपरण्याने तोंड पुसले.

"औंदा मी येतो मढला," ते म्हणाले. "कारलं मी खाईन."